गुळव्याला दिसलेल्या दोन काहिली: पहिल्या आणि चौथ्या कर्पर चेतेचे एक प्रकरण

करवीर तालुक्यातील एका गावचे 54 वर्षांचे गुळवे, म्हणजे गूळ तयार करणारे कारागीर, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरातील माझ्या बाह्यरुग्ण कक्षात आले. त्यांच्या गळ्यात मानेचा पट्टा होता आणि हातात मेंदूच्या सीटी स्कॅनचा ‘नॉर्मल’ असा अहवाल होता. सोबत आलेल्या मुलाच्या मते तक्रार एकच होती: अपघातानंतर वडिलांच्या तोंडाची चव गेली आहे आणि कामातले लक्ष उडाले आहे. पुढच्या तासाभरात यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट खोटी ठरली. चव गेलेली नव्हती, लक्षही उडालेले नव्हते आणि मानेला काहीच झालेले नव्हते. बिघाड होता तो कर्पर चेतांच्या, म्हणजे थेट मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या, बारा जोड्यांपैकी पहिल्या आणि चौथ्या चेतेत, आणि त्या दोहोंची नावे रुग्णाने स्वतःच्या भाषेत अगोदरच सांगून ठेवली होती. हे टिपण त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

गुऱ्हाळ न पाहिलेल्या वाचकासाठी गुळव्याचे काम थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणात निदानाची गुरुकिल्ली तेथेच आहे. चुलवाणात चिपाडाचा जाळ चालू असतो, वर काहिलीत उसाचा रस उकळत असतो आणि गुळव्या काहिलीच्या कडेला उभा राहून खाली वाकून त्या रसावर नजर ठेवून असतो. भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढून टाकायची, मग रसाचा पाक होऊ लागला की बुडबुड्यांचा आकार, रंग आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वास यांवरून काहील उतरवण्याचा क्षण ठरवायचा. तो क्षण साधारण 118 अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, पण बहुतेक गुळवे तापमापक वापरत नाहीत. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघतात आणि नाकावर विश्वास ठेवतात. थोडा उशीर झाला तरी गूळ ‘लागतो’, रंग काळपट पडतो आणि तीस किलोच्या रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, सौद्यात भाव मिळत नाही. आमचे रुग्ण हे काम सुमारे तीस वर्षे करत होते.

दिवाळी पाडव्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी ते भाच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून घरी निघाले होते. उसाच्या ट्रॉल्यांमुळे चिखल झालेल्या रस्त्यावर गतिरोधक न दिसल्याने गाडी उडाली आणि ते पाठीवर पडून डोक्याचा मागचा भाग डांबरावर आदळला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. काही मिनिटे शुद्ध हरपली होती आणि त्या संध्याकाळचे सुमारे तीन तास त्यांना आजही आठवत नाहीत. ज्या रुग्णालयात त्यांना नेले तेथे शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर 14 गुण नोंदवले गेले, सीटी स्कॅन झाला, त्यात रक्तस्राव किंवा हाड मोडल्याची खूण नव्हती आणि दोन दिवसांनी घरी सोडताना ‘किरकोळ मार’ असा शेरा मिळाला. जीव वाचवण्याच्या दृष्टीने जे करायला हवे होते ते सगळे तेथे झाले. डिस्चार्ज कार्डावर कर्पर चेतांच्या तपासणीपुढे मात्र फक्त ‘एनएडी’, म्हणजे विशेष काही नाही, एवढीच तीन अक्षरे होती. ती अक्षरे मीही माझ्या उमेदवारीच्या काळात कितीतरी कागदांवर, नाकाशी काहीही न धरता, लिहिली आहेत.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा गुऱ्हाळावर उभे राहिले आणि पहिल्याच दिवशी दोन आधणे, म्हणजे काहिलीभर रसाचे दोन घाणे, लागली. तीस वर्षांत असे झाले नव्हते. मालकाने काही बोलण्याऐवजी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा केला, जे बोलण्यापेक्षा जास्त लागले. याच सुमारास पत्नीच्या लक्षात आले की हे मान डावीकडे कलती धरून चालतात. गावाजवळच्या एका दवाखान्यात ‘मानेची नस दबली’ असे सांगून पट्टा देण्यात आला.

पट्ट्याने काय झाले, हे विचारल्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते मी तसेच लिहून घेतले.

“पट्टा लावल्यापासनं जास्तच झालंय, डॉक्टरसाहेब. मान सरळ ऱ्हायली की दोन दिसतंय.”

“दोन म्हणजे कसे, मामा? शेजारी शेजारी?”

“न्हाई, एक वर एक खाली. काहिलीत वाकून बघितलं की दोन काहिली. आन् खालची काहील जरा कलंडल्यागत.”

“समोर रस्ता बघताना?”

“रस्ता एकच. जोतिबाच्या पायऱ्या चढलो तवा काय न्हाई झालं. उतरताना मात्र पोराचा खांदा धरावा लागला.”

“एक डोळा झाकला तर?”

“कुठलाबी झाका, मग एकच.”

या चार उत्तरांनंतर तपासणी ही बरीचशी खातरजमा उरली होती. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणे थांबते, म्हणजे दोष भिंगात किंवा पडद्यात नाही, तर दोन डोळ्यांच्या परस्पर जुळणीत आहे. प्रतिमा वर-खाली आहेत, म्हणजे डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या चेतेचा संबंध नाही, कारण तिच्या बिघाडात प्रतिमा शेजारी शेजारी दिसतात. त्रास खाली पाहताना वाढतो आणि एक प्रतिमा कलंडलेली आहे, म्हणजे जो स्नायू डोळा खाली नेतो आणि त्याच वेळी त्याला आतल्या बाजूला पीळ देतो तो दुबळा झाला आहे. हे वर्णन डोळ्याच्या सहा बाह्य स्नायूंपैकी वरच्या तिरक्या स्नायूला नेमके लागू पडते आणि त्या स्नायूला चौथ्या चेतेखेरीज दुसऱ्या कोणाकडूनही आज्ञा मिळत नाही.

चौथ्या चेतेचे ट्रॉक्लिअर हे नाव कप्पीवरून आले आहे, आणि ते नाव कोल्हापूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. वरचा तिरका स्नायू डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या टोकापासून निघतो, पुढे येऊन नाकाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात कूर्चेच्या एका छोट्या कप्पीतून वळतो आणि मग मागे जाऊन बुबुळाच्या गोलाला वरून चिकटतो. विहिरीवर दोर आपण एका दिशेला ओढतो आणि बादली दुसऱ्याच दिशेला सरकते, तसेच येथे घडते. स्नायू मागे ओढतो, पण दोर कप्पीवरून वळून आल्यामुळे गोलाचा मागचा भाग वर उचलला जातो आणि नजर खाली जाते. डोळा नाकाकडे वळलेला असताना ही खाली नेण्याची क्रिया सर्वांत प्रभावी असते. जिना उतरणे, पुस्तक वाचणे, ताटातला घास पाहणे आणि काहिलीत वाकणे ही सगळी कामे याच दिशेची आहेत.

या चेतेचा मार्ग इतर अकरा जोड्यांपेक्षा इतका वेगळा आहे की तो एकदा नीट पाहिलेला विद्यार्थी सहसा विसरत नाही. तिचे केंद्रक, म्हणजे तिचे तंतू जेथून निघतात तो पेशींचा गट, मध्यमस्तिष्कात, मेंदूच्या खोडाच्या वरच्या भागात, खालच्या उंचवट्यांच्या पातळीवर असते. तेथून निघालेले तंतू मेंदूच्या पाठीमागच्या बाजूने बाहेर पडतात, आणि अशी मागून बाहेर पडणारी ही एकमेव कर्पर चेता आहे. बाहेर पडण्याआधी उजवीकडचे तंतू डावीकडे आणि डावीकडचे उजवीकडे जातात, म्हणून उजव्या डोळ्याचा तिरका स्नायू डाव्या केंद्रकाच्या हुकमात असतो. मग ही चेता मध्यमस्तिष्काला वळसा घालून पुढे येते, मोठा मेंदू आणि अनुमस्तिष्क यांच्यामध्ये ताणलेल्या कडक पडद्याच्या कडेलगत सरकते, कॅव्हर्नस सायनस या कवटीच्या तळातील रक्ताच्या पोकळीच्या बाहेरच्या भिंतीतून जाते आणि डोळ्याच्या खोबणीत शिरते. बारा जोड्यांत ती सर्वांत बारीक आहे आणि कवटीच्या आतला तिचा प्रवास सर्वांत लांब आहे. विच्छेदन कक्षात कवटीतून मेंदू बाहेर काढताना विद्यार्थ्यांच्या हातून जी चेता हमखास तुटते ती हीच, आणि मग ‘सर, चौथी सापडत नाही’ अशी हाक प्रत्येक टेबलावरून येते. डोक्यावर आघात झाल्यावर मेंदू कवटीत क्षणभर हेलकावतो तेव्हा हा बारीक धागा त्या कडक कडेवर घासतो किंवा ताणला जातो. आघाताने एका चेतेला इजा होऊन वर-खाली दुहेरी दिसू लागले तर पहिला संशय म्हणूनच चौथीवर घ्यायचा असतो.

टेबलावरची पोलादी पट्टी त्यांच्यासमोर आडवी धरून “दोन दिसतात त्या हातांनी दाखवा” असे सांगितले. त्यांनी दोन्ही तळवे आडवे धरले, खालचा तळवा कलता ठेवला आणि दोन्ही तळव्यांची टोके उजव्या बाजूला एकमेकांजवळ आणली. दोन रेषा ज्या बाजूला जुळायला येतात त्या बाजूचा डोळा आजारी, हा संकेत त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यानंतर नेत्रतज्ज्ञ मार्शल पार्क्स यांनी 1958 मध्ये मांडलेली तीन पायऱ्यांची चाचणी केली. समोर पाहताना उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित वर होता. एवढ्यावरून चार स्नायूंवर संशय जातो: उजव्या डोळ्याचा वरचा तिरका आणि खालचा सरळ, डाव्या डोळ्याचा वरचा सरळ आणि खालचा तिरका. डावीकडे पाहताना हा फरक वाढला, त्यामुळे उजवा वरचा तिरका आणि डावा वरचा सरळ हे दोनच उरले. मान उजव्या खांद्याकडे कलती केल्यावर फरक आणखी वाढला आणि डावीकडे कलती केल्यावर जवळजवळ नाहीसा झाला, तेव्हा उजवा वरचा तिरका स्नायू एकटा राहिला. मान उजवीकडे कलली की उजव्या डोळ्याने आतल्या बाजूला पीळ घ्यायचा असतो. तिरका स्नायू दुबळा असल्याने ते काम वरच्या सरळ स्नायूवर पडते आणि तो पीळ देता देता डोळा वर उचलतो. रुग्णाचे शरीर हे सारे न शिकता ओळखते आणि मान डावीकडे कलती धरून दोन प्रतिमांची एक करते. पत्नीला दिसलेली वाकडी मान हा आजार नव्हता, तो उपाय होता. पट्ट्याने नेमका तो उपायच काढून घेतला होता. मी पट्टा सोडवून मुलाच्या हातात दिला तेव्हा मामांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला स्पष्ट दिसला.

तरीही काही शंका दूर करणे भाग होते. काहींना जन्मतःच चौथ्या चेतेचा दुबळेपणा असतो, तो वर्षानुवर्षे मेंदू सांभाळून नेतो आणि एखाद्या किरकोळ निमित्ताने उघडा पडतो. अशा माणसाच्या जुन्या छायाचित्रांत मान कलतीच दिसते. मुलाने मोबाइलवर दाखवलेल्या लग्नातल्या, गुऱ्हाळावरच्या आणि यात्रेतल्या सर्व छायाचित्रांत मान सरळ होती. वर-खाली सरकलेल्या प्रतिमा एकत्र आणण्याची त्यांची क्षमता मोजली तर ती सामान्य माणसाइतकी, म्हणजे सुमारे तीन प्रिझम डायॉप्टरच (प्रतिमा किती सरकते ते मोजण्याचे एकक) होती. जन्मजात दोषात ती पुष्कळ वाढलेली असते. उताणे झोपवल्यावरही डोळ्यांतला फरक तेवढाच राहिला, म्हणून मेंदूच्या खोडातील तोल सांभाळणाऱ्या मार्गांच्या बिघाडाने डोळा वर गेल्याची शक्यता मागे पडली. थकव्याने पापणी उतरत नव्हती. मधुमेह नव्हता. डोक्याला मार लागल्यावर ही चेता दोन्ही बाजूंना दुखावली जाण्याची शक्यता असते, कारण दोन्हीकडचे तंतू मध्यमस्तिष्काच्या पाठीशी एकमेकांना ओलांडतात त्या जागी एकाच वेळी ताणले जातात. म्हणून पीळ मोजला, तो सुमारे सहा अंश भरला. दहाच्या वर गेला असता तर दोन्ही बाजू धरून चालावे लागले असते.

आता चवीकडे वळतो, आणि येथे माझी चूक आधी सांगितली पाहिजे. ‘चव गेली’ हे शब्द ऐकताच मी सातव्या आणि नवव्या चेतेकडे गेलो. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातवी चेता आणते आणि मागच्या एक तृतीयांशाची नववी. जीभ बाहेर काढायला लावून कापसाच्या काडीने साखर, मीठ, लिंबू आणि कडू औषधाचे पाणी लावले, उत्तर तोंडाने न देता चिठ्ठीवर बोट ठेवून द्यायला सांगितले. सर्व उत्तरे बरोबर आली. मग घाईत स्पिरिटचा बोळा नाकाशी धरला. त्यांनी झटकन मान मागे घेतली आणि मी कागदावर ‘गंधज्ञान आहे’ असे लिहून मोकळा झालो. स्पिरिट, अमोनिया आणि झणझणीत बाम नाकाच्या आतल्या त्वचेला चुरचुरवतात आणि ती चुरचुर पाचवी चेता मेंदूकडे नेते. गंधचेता पूर्ण तुटलेला माणूसही या पदार्थांना दचकतो. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो.

चूक लक्षात आणून दिली ती मामांच्या पत्नीने. “घरात तांबडा रस्सा केला तर हे म्हणतात तिखट लागतंय, पण रस्सा लागत नाही,” असे त्या सहज बोलून गेल्या. माझ्या पाहण्यात गंधनाशाचे याहून अचूक वर्णन आलेले नाही. मिरचीचा जाळ ही चव नाही, ती पाचव्या चेतेने नेलेली दाहाची संवेदना आहे, आणि ती शाबूत होती. मीठ, आंबट, गोड, कडू हे सातव्या-नवव्या चेतांचे क्षेत्र, तेही शाबूत होते. मटणाच्या सुक्याला सुके, काकवीला काकवी आणि गुळाला गूळ बनवणारा जो भाग आपण ‘चव’ म्हणून ओळखतो, तो घास चावताना घशाच्या मागून वर नाकात चढणारा वास असतो. तो गेला की अन्न खारट, गोड, तिखट राहते, पण ते कोणते अन्न आहे हे कळेनासे होते. ‘रस्सा लागत नाही’ म्हणजे पहिली चेता, गंधचेता.

पुन्हा तपासणी केली, या वेळी डोळे मिटवून आणि एकेक नाकपुडी बंद करून. कॉफीची पूड, लवंग, वेलदोडा, लिंबाची साल, आणि शेजारच्या दुकानातून मुलाने आणलेला गुळाचा खडा. उजव्या नाकपुडीला काहीच कळले नाही. डाव्या नाकपुडीला लवंग धरल्यावर ‘कायतरी हाय’ एवढे उत्तर आले. गुळाचा खडा हातात घेऊन त्यांनी तो पुन्हा पुन्हा हुंगला आणि मग पत्नीकडे परत दिला. काही बोलले नाहीत. नाकातील अडथळा किंवा सर्दी नसल्याची खात्री कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून करून घेतली आणि नाकातून पाण्यासारखा स्राव येत नाही ना, म्हणजे मेंदूभोवतालचा द्रव गळत नाही ना, हेही विचारले. तसे काही नव्हते.

पहिल्या चेतेला चेता म्हणावे का, असा प्रश्न शरीररचनेच्या वर्गात निघतो आणि तो अगदीच निरर्थक नाही. गॅलनने कर्पर चेतांच्या सात जोड्या मोजल्या होत्या, टॉमस विलिसने 1664 मध्ये नऊ मोजल्या आणि आज रूढ असलेला बाराचा क्रम सॅम्युएल टॉमस झॉमरिंगने 1778 मध्ये मांडला. बारा या संख्येत गंधचेता धरली तरी ती इतरांसारखी एक दोरी नसते. नाकाच्या छतातील त्वचेत गंध ओळखणाऱ्या पेशी असतात आणि त्यांचे अतिबारीक तंतू प्रत्येक बाजूला सुमारे वीस जुड्यांत गोळा होऊन, कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वर चढतात आणि लगेच गंधकंदात, म्हणजे मेंदूच्या वास स्वीकारणाऱ्या पहिल्या थांब्यात, संपतात. टेबलावर मेंदू उलटा ठेवल्यावर जी लांब पांढरी पट्टी दिसते तिला विद्यार्थी गंधचेता समजतात, पण ती मेंदूचाच भाग आहे. खरी चेता चाळणीच्या भोकांतून ओवलेल्या त्या आखूड धाग्यांत आहे.

डोक्याचा मागचा भाग आदळतो तेव्हा मेंदू पुढे-मागे झेपावतो, त्याच्याबरोबर गंधकंद सरकतात, हाड मात्र जागेवर राहते. चाळणीच्या भोकातच धागे कातरले जातात. कपाळावर आदळण्यापेक्षा मागून बसलेला मार गंधज्ञानाला अधिक घातक ठरतो, याचे कारण हेच आहे. त्याच हेलकाव्यात कपाळामागचा मेंदूचा खालचा भाग डोळ्यांच्या खोबणीच्या खडबडीत छतावर घासतो. आमच्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये, रक्ताचे जुने ठिपके दाखवणाऱ्या क्रमात, नेमक्या त्याच जागी, उजवीकडे जास्त आणि डावीकडे थोड्या, खुणा सापडल्या. मध्यमस्तिष्क स्वच्छ दिसले. चौथ्या चेतेची इजा प्रतिमेत दिसली नाही, आणि ती दिसेलच अशी अपेक्षाही नव्हती, कारण इतक्या बारीक चेतेचा ताण नेहमीच्या एमआरआयवर उमटत नाही. सीटी ‘नॉर्मल’ असण्याचा आणि या दोन चेता दुखावल्या जाण्याचा परस्परांशी विरोध नव्हता. सीटी रक्त आणि हाड उत्तम दाखवतो, धागे दाखवत नाही.

बाकीच्या दहा जोड्यांबद्दल दोनच वाक्ये पुरतात. बाहुल्या सारख्या होत्या, तिसऱ्या आणि सहाव्या चेतेच्या सर्व हालचाली पूर्ण होत्या, चेहरा, ऐकणे, गिळणे, खांदा उचलणे आणि जीभ सरळ बाहेर काढणे यांत काहीही उणे नव्हते. दृष्टिचेतेच्या टोकाला सूज नव्हती, त्यामुळे कवटीतील दाब वाढल्याची शंकाही उरली नाही.

उपचाराबाबत कुटुंबाशी बोलताना दोन चेतांची दोन वेगळी भाकिते करावी लागली. आघाताने दुखावलेली चौथी चेता पुष्कळदा सहा महिने ते वर्षभरात आपोआप सुधारते, म्हणून तोपर्यंत डोळ्याच्या स्नायूंवर शस्त्रक्रिया करायची नाही, हे ठरवले. मधल्या काळासाठी प्रिझमची भिंगे सुचवता आली असती, पण प्रिझम प्रतिमा वर-खाली सरकवतो, कलंडलेली प्रतिमा सरळ करत नाही, आणि त्यांचा त्रास मुख्यतः खाली पाहतानाचाच होता. त्यामुळे साधा उपाय निवडला. साध्या काचेच्या चष्म्यात उजव्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर धुरकट चिकटपट्टी लावली. समोर पाहताना दोन्ही डोळे काम करतील आणि काहिलीकडे नजर गेली की एकच डोळा पाहील. शिवाय नुसती नजर खाली न नेता हनुवटी छातीला टेकवून पाहायला शिकवले. असे केल्याने डोळे खोबणीत जवळजवळ सरळ राहतात आणि दुबळ्या स्नायूवर भार येत नाही. उकळत्या काहिलीच्या कडेला एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकू शकतो, म्हणून पहिले दोन महिने कडेपासून हातभर मागे राहण्याची अट मुलाने स्वीकारली.

गंधाबद्दल मला तेवढे आश्वासन देता आले नाही. गंधपेशी ही शरीरातील थोड्या अशा चेतापेशींपैकी आहे ज्या आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, हे खरे आहे, पण नव्या तंतूला चाळणीतले भोक जखमेच्या वणाने बुजलेले आढळले तर तो गंधकंदापर्यंत पोहोचत नाही. आघातानंतरचा गंधनाश काहींत अंशतः भरून येतो, पुष्कळांत येत नाही, आणि जी सुधारणा व्हायची ती बहुधा पहिल्या वर्षात दिसू लागते. ड्रेस्डेनच्या टॉमस हुमेल यांच्या गटाने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगण्याचा सराव दिला होता आणि त्याने काही रुग्णांना फायदा झाला. अपाय नसल्याने तोच सराव सुचवला, फक्त कोल्हापूरच्या बाजारात सहज मिळणारे पदार्थ घेतले. चौथ्या डबीत मामांनी स्वतः हट्टाने लिंबाऐवजी काकवी भरली. मी विरोध केला नाही.

गंध गेलेल्या माणसाचे घर धोकादायक होते, याकडे आमच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते, आणि ज्याला तो वास येत नाही त्याच्यासाठी ती व्यवस्था निरुपयोगी आहे. त्यांच्या घरी गॅस-गळती ओळखणारे यंत्र बसवायला, रात्री रेग्युलेटर बंद करायला आणि शिळ्या अन्नाचा निर्णय दुसऱ्याने घ्यायला सांगितले. आणखी एक व्यावहारिक बाब होती. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गंधनाश हा गुळव्याच्या बाबतीत कमाईच्या साधनाचाच नाश असतो, पण पहिल्या कागदावर ‘एनएडी’ लिहिलेले असल्याने तो अपघातामुळेच झाला हे दाखवणे अवघड गेले. लागलेल्या दोन आधणांची गुऱ्हाळाच्या वहीतील नोंद, तारखेसह, शेवटी माझ्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक उपयोगी पडली.

दोन महिन्यांनी पायऱ्या उतरताना आधार लागेनासा झाला. साडेचार महिन्यांनी चष्म्यावरची चिकटपट्टी काढली. आठव्या महिन्यात फक्त खाली डावीकडे टोकाला पाहिल्यावर प्रतिमा किंचित सुटत होती, मान सरळ झाली होती आणि शस्त्रक्रियेचा विषय मिटला. गंधाचा मार्ग इतका सरळ नव्हता. तिसऱ्या महिन्यात डाव्या नाकपुडीला लवंग ओळखता येऊ लागली, पण पाचव्या महिन्यात एका सकाळी ते अस्वस्थ होऊन आले, कारण काकवीच्या डबीतून जळक्या टायरचा वास येत होता. गंध परत येताना तो कधी कधी विकृत रूपात येतो, तंतू चुकीच्या जागी जुळल्याने असे होते असे मानले जाते, आणि ती पूर्ण सुधारणेची हमी नसली तरी तेथे काहीतरी जुळते आहे याची खूण असते. हे समजावूनही त्यांची समजूत पटली नाही. “वास न्हाई तेच बरं हुतं,” असे म्हणून ते गेले, आणि पुढचा महिनाभर सराव बंद होता.

पुढच्या हंगामात, दसऱ्यानंतर, ते पुन्हा काहिलीजवळ उभे राहिले. आता मुलगा शेजारी असतो आणि काहिलीत एक लांब दांड्याचा तापमापक टांगलेला असतो, ज्याची सुरुवातीला सगळ्यांनी थट्टा केली. त्या वेळी केलेल्या गंधचाचणीत दहापैकी चार वास त्यांना बरोबर ओळखता आले. ते चारही डाव्या नाकपुडीने ओळखले होते, उजवी अजून कोरडीच आहे. पाक लागू लागला की जळका वास त्यांना आता वेळेवर कळतो, पण त्याआधीचा, काहील उतरवण्याच्या क्षणाचा वास कळत नाही. तो क्षण ते पाण्यातल्या गोळीवरून आणि मुलाने वाचलेल्या आकड्यावरून ठरवतात. मी गुऱ्हाळावर गेलो होतो तेव्हा त्यांनी वाफ्यातला कोमट गूळ पुढे केला आणि विचारले, “कसा वास हाय, सांगा बघू.” मी सांगू लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवून मुलाला जवळ बोलावले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले.